उजनी ‘मायनस’मध्ये गेली, हे परदेशी वर्गाला कसं सांगायचं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

शाश्वत विकास शिकवताना कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, कशी वापरायची आणि परदेशातल्या शाळांशी देवाणघेवाण कशी करायची, यावर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. त्यातली सहा इथे घेतली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे, पट ३४. एक टीव्ही आहे आणि इंटरनेट म्हणाल तर माझ्या मोबाइलचंच. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेने जगभरच्या शाळांशी जोडून घेतलं, ते आम्हाला एवढ्यावर जमेल का?
– शिक्षक, मोहोळ तालुका

जमेल. परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांचं काम क्यूआर कोड आणि दूरच्या ठिकाणांच्या आभासी सहलींतून पुढे गेलं. ही दोन्ही साधनं मोबाइलवर चालणारी आहेत.

व्हिडिओ कॉल हा देवाणघेवाणीचा मुख्य भाग समजू नका. सहा आठवड्यांच्या उपक्रमात कॉल दोनच ठेवा. पहिला दहा मिनिटांचा, फक्त तोंडओळखीसाठी. शेवटचा अर्ध्या तासाचा. मधल्या काळात मुलांनी केलेल्या नोंदी, फोटो आणि ९० सेकंदांपर्यंतचे व्हिडिओ पाठवायचे आणि समोरच्यांचे पाहायचे. त्यामुळे वेळेचा मेळ घालावा लागत नाही, वीज गेली तरी अडत नाही आणि लाजरी मुलंही बोलतात, कारण चुकलं तर पुन्हा रेकॉर्ड करता येतं. कॉलसाठी तासाला साधारण एक जीबी डेटा धरा.

कॉल बहुतेक वेळा फसतो तो आवाजामुळे. टीव्हीचा आवाज मोबाइलच्या माइकमध्ये परत शिरतो आणि पलीकडे घुमतो. ब्लूटूथ स्पीकर लावला तर हा त्रास वाढतो, कारण त्याचा आवाज किंचित उशिरा येतो. टीव्ही मोबाइलला वायरने जोडा. बोलणारं मूल मोबाइलपासून हातभर अंतरावर उभं करा आणि आपलं कोणी बोलत नसेल तेव्हा माइक बंद ठेवा. ३४ पैकी चारच मुलांनी बोलायचं, बाकीच्यांनी समोरून आलेले आकडे फळ्यावर उतरवून घ्यायचे. आदल्या दिवशी त्याच वेळी, त्याच खोलीत चाचणी घ्या. पत्र्याच्या खोलीत पावसाळ्यात कॉल ठेवू नका.

जोडीदार शाळा शोधायला दोन जुने रस्ते आहेत. शाळांचे संयुक्त प्रकल्प जुळवणारं आयअर्न हे जाळं १९८८ पासून चालू आहे. अमेरिकेच्या नासाच्या पुढाकाराचा ग्लोब हा उपक्रम १९९५ पासून आहे. त्यात शंभराहून जास्त देशांतल्या शाळा हवा, पाणी, माती यांची मोजमापं एकाच पद्धतीने करतात, आणि भारत त्यात २००० पासून आहे. शाळा ठरली की दोन्हीकडच्या शिक्षकांनी एका पानावर लिहून घ्यावं : विषय कोणता, कोणत्या एककात मोजायचं, कोणत्या तारखेला काय पाठवायचं, फोटो कोण पाहणार. उपक्रम बंद पडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे तिसऱ्या आठवड्यात समोरची शाळा गप्प होणं. म्हणून एकीऐवजी दोन शाळांशी बोलणी करून ठेवा.

प्रश्न : पर्यावरणाचा कोणताही प्रकल्प दिला की शेवटी ‘पाणी वाचवा, पृथ्वी वाचवा’ची पोस्टरं तयार होतात. आता तर मुलं एआयकडून निबंधही आयते आणतात. परदेशी शाळेबरोबर काम करताना हे टाळायचं कसं?
– विज्ञान शिक्षिका, अक्कलकोट रोड, सोलापूर

मोजायला लावा, मॅडम. घरात आज किती पाणी भरलं, हे एआयला माहीत नसतं. मुलाच्या वहीतला तो आकडा आयता कुठूनच मिळत नाही. परदेशी मुलांनाही आपल्या घोषणांपेक्षा आपले आकडे ऐकायचे असतात.

सोलापुरात पाण्याचाच विषय घ्या. जर्मनीतल्या किंवा जपानमधल्या मुलाच्या घरी पाणी मीटरमधून, चोवीस तास येतं. आज सकाळचा आकडा वजा कालचा आकडा, एवढाच त्याचा हिशोब. आपल्याकडे नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येतं, म्हणून घरोघरी पिंपं, हंडे, बॅरल आणि गच्चीवर टाकी. इथे हिशोब अवघड आहे आणि त्यामुळेच शिकायलाही भरपूर आहे.

पद्धत अशी. प्रत्येक मुलाने घरातली भांडी आधी एक लीटरच्या बाटलीने मोजून घ्यावीत. हंडा पंधरा लीटरचा असतो असं गृहीत धरू नये, तो बारा लीटरचाही निघतो. टाकी गोल असेल तर व्यासाच्या निम्म्याचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले पाण्याची उंची. सगळं मीटरमध्ये घेऊन उत्तराला १००० ने गुणलं की लीटर मिळतात. मग सलग आठ दिवस नोंद.

पहिल्या खेपेला जवळपास सगळे वर्ग एक चूक करतात. मुलं ‘भरलेलं’ पाणी म्हणजेच ‘वापरलेलं’ पाणी असं लिहितात. पण नळाला पाणी सुटलं की अनेक घरांत आधीचं शिळं पाणी ओतून देतात आणि पिंप नव्याने भरतात. हे ओतलेलं पाणी वेगळ्या रकान्यात यायलाच हवं. सूत्र असं : सुरुवातीचा साठा अधिक भरलेलं, वजा शेवटचा साठा, वजा ओतून दिलेलं. उत्तराला माणसांनी आणि दिवसांनी भागा. मिळालेला आकडा दोन मापांशेजारी ठेवा. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लीटर आहे, शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या आराखड्यांत माणशी १३५ लीटर धरतात. ओतलेल्या पाण्याचा रकाना पाहून परदेशी मुलं हमखास विचारतील, ‘चांगलं पाणी फेकता का?’ या प्रश्नावर वर्गात एक अख्खा तास द्या. पाणी शिळं होतं म्हणजे नेमकं काय होतं, झाकण आणि तोटी असलेल्या पिंपात ते किती दिवस चांगलं राहतं, डासांच्या अळ्या कुठे होतात, हे सगळं त्यातून निघतं.

पाऊसही मोजायचा असेल तर शाळा उघडल्यापासूनच सुरुवात करा. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साधारण साडेपाचशे मिलीमीटर पाऊस, त्यातही सप्टेंबर सर्वांत जोराचा. नोव्हेंबरमध्ये देवाणघेवाण सुरू करून तेव्हा पाऊस मोजू म्हटलं, तर रकाने कोरडेच राहतील. दोन लीटरची सरळ कडांची बाटली खांद्याजवळ कापा आणि वरचा भाग उलटा करून फनेलसारखा बसवा. बाटलीचा तळ खोलगट असतो, त्यात खडे टाकून ते बुडतील इतकं पाणी घाला आणि तिथे शून्याची रेघ मारा. वर मिलीमीटरची पट्टी चिकटवा. भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर, उघड्यावर ठेवा. हवामान विभाग सकाळी साडेआठला नोंद घेतो, ग्लोबच्या पद्धतीत ती सौर मध्यान्हाच्या, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असतो त्या वेळेच्या सुमारास घेतात, जो सोलापुरात घड्याळाच्या साडेबाराच्या आसपास येतो. दोन्ही शाळांनी एकच पद्धत धरली नाही तर तारखा एका दिवसाने सरकतात आणि आलेख जुळत नाहीत. मग शाळेच्या छपराचा हिशोब : एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लीटर. १२० चौरस मीटर पत्र्यावर १० मिलीमीटर पडला की १,२०० लीटर, आणि गळती-उडणं धरून हाती येणारे साधारण ९६०.

एआय यानंतर आणायचं. बेरजा आणि सरासरी त्याच्याकडून करून घेऊ नका, त्यासाठी स्प्रेडशीट वापरा. (आकडे देवनागरीत टाईप केले तर स्प्रेडशीट बऱ्याचदा त्यांना अक्षरं समजते आणि बेरीज शून्य दाखवते. तिथे इंग्रजी अंक टाका.) तयार तक्ता, मुलांची नावं काढून ‘घर १, घर २’ असा करून, एआयला द्या आणि विचारा : ‘यातल्या कोणत्या नोंदी संशयास्पद वाटतात आणि का?’ ‘निष्कर्ष लिही’ असं म्हणू नका. संशयाची यादी मिळाली की मुलांनी त्या घरी जाऊन पडताळायचं. एखाद्या घरात ९०० लीटर दिसले तर लिहिताना शून्य वाढलं असेल, किंवा त्या दिवशी घरात लग्न असेल. त्यातलं खरं काय, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

दुसरा एक तास असा घ्या. एआयला विचारा : ‘सोलापूर शहराला पाणी कुठून येतं?’ मिळालेलं उत्तर फळ्यावर लिहा आणि वाक्यावाक्याला पुरावा शोधा. उजनी धरणाची थेट जलवाहिनी, भीमेवरचं टाकळी आणि हिप्परग्याचा एकरुख तलाव हे तिन्ही स्रोत त्यात आलेत का? उत्तर ऐकायला सफाईदार असतं, पण त्यात एखादा स्रोत गाळलेला किंवा भलत्याच धरणाचं नाव घुसवलेलं असू शकतं. हे मुलांनी स्वतः पकडलं की पुढे निबंध आयता आणायची घाई आपोआप कमी होते.

प्रश्न : आमच्या वर्गात घरी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुलं आहेत. इंग्रजीत लिहायचं म्हटलं की निम्मी मुलं गप्प. भाषांतर एआयकडून करून घेतलं तर चालेल का?
– शिक्षिका, पूर्व भाग, सोलापूर

चालेल, पण उलट तपासणी केल्याशिवाय नाही. मुलाने ज्या भाषेत विचार येतो त्या भाषेत लिहावं. वाक्य दहा-बारा शब्दांचं असावं आणि त्यात कर्ता स्पष्ट असावा. ‘काल सुटलं, पण भरता आलं नाही’ हे आपल्याला कळतं, यंत्राला काय सुटलं ते कळत नाही. ‘काल नळाला पाणी आलं, पण आम्हाला ते भरता आलं नाही’ असं लिहा. आलेलं इंग्रजी वेगळ्या खिडकीत टाकून पुन्हा मराठीत आणा. अर्थ हलला असेल तर मूळ वाक्य बदला. केंद्र सरकारची भाषिणी आणि गूगलचं भाषांतर, दोन्हीकडे एकच वाक्य टाकून पाहिलं तर चूक लवकर सापडते.

काही शब्दांचं मात्र भाषांतर करूच नका. कालव्याचं आवर्तन, ओढा, कडबा, हुरडा, चारा छावणी. हे देवनागरीत तसेच ठेवून फोटो आणि दोन ओळींची समजूत द्यायची. अशा वीस शब्दांचा कोश वर्गाने करावा.

त्यात पहिला शब्द घ्या ‘उजनी मायनसमध्ये’. यंत्र याचं भाषांतर बरोबर करतं, पण वजा वीस टक्के पाणी ही गोष्टच परदेशी मुलाला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्याही बऱ्याच मुलांना ती सांगता येत नाही. उजनीची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी. त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे धरणातून आपसूक बाहेर न येणारं तळाचं पाणी, आणि उपयुक्त साठा ५३.५७. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्यावर. म्हणून वजा २० टक्के म्हणजे मृतसाठ्यातून सुमारे १०.७ टीएमसी उपसलं गेलं आणि जवळपास ५३ टीएमसी पाणी अजून धरणात आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८३० कोटी लीटर.

व्हिडिओत हे दाखवायला सरळ कडांची पारदर्शक बाटली पुरते. तळापासून साडेपाच सेंटीमीटरवर सुईने भोक पाडा, चिकटपट्टी लावा आणि दहा सेंटीमीटरपर्यंत रंगीत पाणी भरा. पट्टी काढली की पाणी भोकापर्यंत उतरतं आणि थांबतं. खाली निम्म्याहून जास्त उरलेलं असतं, पण ते आपसूक बाहेर येत नाही, उपसावं लागतं. बाटलीचं झाकण मात्र उघडं ठेवा, नाहीतर हवा आत न गेल्याने धार मध्येच अडते आणि प्रयोग चुकीचं दाखवतो.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. शाळेने ‘ग्लोबल प्रोजेक्ट’साठी एआय ॲपवर खातं उघडायला आणि फोटो पाठवायला सांगितलं आहे. परवानगी द्यावी का?
– पालक, जुळे सोलापूर

मुलाच्या नावाने खातं उघडायला नकार द्या. शाळेने तसं मागण्याचं कारण नाही. बऱ्याच एआय सेवांच्या अटींत किमान वय १३ आहे आणि १८ पर्यंत पालकांची संमती लागते. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. सातवीच्या वर्गात खातं शिक्षकांचं, पडदा सगळ्यांचा, प्रश्न मुलांचे, एवढं पुरतं.

फोटो द्यायला हरकत नाही, पण त्यात चेहरा, गणवेशावरचं शाळेचं नाव आणि घराची पाटी दिसता कामा नये. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन’ बंद करा, नाहीतर फोटोबरोबर घराचं ठिकाणही जातं. मुलांचा परदेशी मुलांबरोबर थेट व्हॉट्सॲप ग्रुप करायला सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा. देवाणघेवाण शिक्षकांच्या मार्फतच व्हायला हवी.

प्रश्न : फोटो दाखवून शिकवता येणारं एआय बनवायचं गूगलचं साधन आहे, टीचेबल मशीन. त्यावर आम्ही कचरा ओळखणारं मॉडेल केलं. वर्गात ९८ टक्के बरोबर, पण शाळेच्या मैदानात नेलं की काहीही सांगतं. केळीच्या सालीला ‘प्लास्टिक’ म्हणतं. काय चुकलं?
– नववीचा गट, होटगी रोड, सोलापूर

तुमच्या मॉडेलने कचऱ्याबरोबर तुमचं टेबलही शिकून घेतलं. बहुधा सगळं प्लास्टिक तुम्ही फरशीवर दाखवलं आणि ओला कचरा वर्गात टेबलावर. मैदानात टेबल नाही, म्हणून ते गोंधळलं.

९८ टक्क्यांचं कारण वेगळं आहे. वेबकॅमचं बटण दाबून धरलं की काही सेकंदांत एकाच वस्तूचे डझनावारी, जवळपास सारखे फोटो निघतात. टीचेबल मशीन त्यातले ८५ टक्के शिकायला घेतं आणि १५ टक्के स्वतःची परीक्षा घ्यायला बाजूला ठेवतं. म्हणजे एकाच सालीचा एक फोटो अभ्यासात आणि तिचाच दुसरा फोटो पेपरात. फुटलेल्या पेपरातले गुण ते!

आता असं करा. पाच गट ठेवा : ओला कचरा, प्लास्टिक, कागद, चिंध्या-सूत आणि ‘काहीच नाही’. पाचवा गट विसरू नका. तो नसेल तर मॉडेल रिकाम्या जमिनीलाही काहीतरी नाव देणारच. प्रत्येक गटात २० वेगवेगळ्या वस्तू, प्रत्येकीचे ५ फोटो, म्हणजे १०० फोटो. ते पाच फोटो पाच जागी काढा : फरशी, माती, सतरंजी, सावली, ऊन. सगळ्या गटांत फोटोंची संख्या सारखी ठेवा. एका गटात ३०० आणि दुसऱ्यात ४० झाले की मॉडेल मोठ्या गटाकडे झुकतं. फोटो मधोमध चौकोनी कापला जातो आणि २२४ बाय २२४ ठिपक्यांइतका लहान होतो, म्हणून वस्तू मध्यभागी आणि चौकटभर दिसू द्या. कोपऱ्यातली साल मॉडेलला दिसतच नाही.

शिकवायच्या आधीच प्रत्येक गटातल्या ५ वस्तू पिशवीत बांधून वेगळ्या ठेवा. त्यांचे फोटो शिकवणीत घालायचे नाहीत. मॉडेल तयार झालं की त्यांच्यावरच परीक्षा घ्या. गुण ७० वर आले तरी ते खरे आहेत.

गोंधळ कुठे होतो त्याचा तक्ता करा, खरी गंमत तिथे आहे. यंत्रमागावरचं रंगीत सुताचं वेस्ट वेफरच्या पाकिटासारखं दिसू शकतं. दुधाची ओली पिशवी कशात टाकायची, हे तर माणसांनाही आधी ठरवावं लागतं. टॉवेलचं सूत शंभर टक्के सुती आहे की त्यात पॉलिएस्टर आहे, हे फोटोवरून कळत नाही, जळणाऱ्या धाग्याच्या वासावरून कळतं. सुती धागा जळताना कागदासारखा वास येतो आणि हलकी राख उरते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. हे शिक्षकांसमोर, चिमट्यात एकच धागा धरून, शेजारी पाणी ठेवून करा.

आणि तुमची ती पंचवीस वस्तूंची परीक्षा परदेशी शाळेला पाठवा, त्यांची तुम्ही मागवा. तुमच्या मॉडेलने त्यांच्या दह्याच्या डब्याला काय म्हटलं? त्यांच्या मॉडेलने आपल्या पळसाच्या पत्रावळीला काय म्हटलं? चुका आल्या की एकमेकांचे फोटो आपापल्या शिकवणीत घाला आणि पुन्हा चालवा. यंत्र ज्या घरात वाढतं तिथलाच कचरा ओळखतं, हे एवढं स्वच्छ दुसऱ्या कशातून दिसत नाही.

प्रश्न : एआयच्या मोठ्या संगणक केंद्रांना खूप वीज आणि पाणी लागतं असं वाचलं. मग शाश्वत विकास शिकायला एआय वापरणं चुकीचं नाही का? आणि परदेशी शाळेशी काम वर्षात कधी करावं?
– दहावीची विद्यार्थिनी, बार्शी

तू वाचलंस ते खरं आहे. त्या केंद्रांतले संगणक तापतात, त्यांना थंड ठेवायला वीज लागते आणि अनेक ठिकाणी पाणीही. औष्णिक वीजही पाणी पिते. आपल्या आहेरवाडीजवळच्या १,३२० मेगावॉटच्या औष्णिक प्रकल्पाला पाणी उजनीचंच आहे. म्हणून वापर मोजून करावा. टीचेबल मशीनचं शिक्षण तुमच्याच लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये होतं. ४५ वॉटचा लॅपटॉप दोन तास चालला तर ०.०९ युनिट. चॅटबॉटला तीस मुलांनी तीस वेळा तोच प्रश्न विचारण्याऐवजी वर्गाने मिळून एकदा विचारा. जे सूत्राने निघतं ते विचारूच नका, आणि चित्रं, व्हिडिओ बनवून घेणं टाळा. वर्गाने किती प्रश्न विचारले आणि त्यातल्या किती उत्तरांचा उपयोग झाला, याची वही ठेवा आणि समोरच्या शाळेलाही ठेवायला सांगा.

वेळेचं म्हणशील तर दिवाळीच्या सुट्टीनंतर नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत काम उत्तम होतं. पुढे युरोपात नाताळची सुट्टी लागते. उरलेलं जानेवारीत संपवा, फेब्रुवारीपासून तुमच्या परीक्षा आहेत. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असतं, जपान वर्षभर साडेतीन तास पुढे. दुपारी दीडला तुम्ही कॉल लावलात तर जर्मनीत सकाळचे नऊ वाजलेले असतात. जपानसाठी मात्र सकाळी साडेआठचीच वेळ धरावी लागेल, कारण तिथे तेव्हा दुपारचे बारा होतात. युरोपातली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एका तासाने बदलतात. त्या आठवड्यात कॉल ठेवला असेल तर वेळ दोन्ही शाळांच्या घड्याळांप्रमाणे लिहून पाठवा.